व्हील, सायकल आणि चाक

सायकलचे चाक डुगडुगू लागले, की आपण दुकानात जातो आणि सांगतो, "व्हीलचा आउट काढायचा आहे." एवढ्या साध्या व्यवहारात आपण तीन शब्द वापरतो : सायकल, व्हील आणि चाक. चाक हा शब्द मराठी. सायकल आणि व्हील हे इंग्रजीतून आलेले, पण आता आपल्या बोलण्यात रुळलेले. या तिन्ही शब्दांचे मूळ एकच आहे, असे कोणी सांगितले तर तुमचा विश्वास बसेल का? पाच-साडेपाच हजार वर्षांपूर्वी बोलल्या जाणाऱ्या एका भाषेतला एक शब्द तीन वाटांनी फिरला आणि तीन निराळे वेश घेऊन आपल्या तोंडी आला. म्हणजे 'सायकलचे चाक' म्हणताना आपण मुळात 'चाकाचे चाक' असेच म्हणत असतो!

तुम्ही म्हणाल, काहीतरीच! 'व्हील' आणि 'चाक' यांत एक तरी अक्षर सारखे आहे का? नाही. आणि खरी मेख इथेच आहे. शब्दांचे नाते त्यांच्या चेहऱ्यावरून ठरवू गेलो, तर हमखास फसगत होते. इंग्रजीत 'बॅड' म्हणजे वाईट. फारसीत 'बद' म्हणजेही वाईट. बदनाम, बदलौकिक या शब्दांतला 'बद' तिकडचाच. उच्चार जवळजवळ एक, अर्थ अगदी एक. पण या दोन शब्दांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही.

याहून गमतीदार उदाहरण ऑस्ट्रेलियातले आहे. त्या खंडाच्या ईशान्य भागात म्बाबारम नावाची एक आदिवासी भाषा होती. १९६०च्या दशकात डिक्सन नावाचे भाषाशास्त्रज्ञ ती टिपून घेत असताना त्यांना कळले, की या भाषेत कुत्र्याला म्हणतात 'डॉग'! इंग्रजांकडून उचलला असेल, असे कोणालाही वाटेल. पण तसे नव्हते. शेजारच्या भाषेत कुत्र्याला 'गुडागा' म्हणत, आणि म्बाबारम भाषेतले नेहमीचे उच्चारबदल लावले की गुडागाचा आपोआप डॉग होतो. इंग्रजीतल्या डॉगशी त्याची गाठ पडली, ती निव्वळ योगायोगाने.

देवमासा दिसतो माशासारखा, पण तो मासा नव्हे. वटवाघूळ उडते पाखरासारखे, पण ते पाखरू नव्हे. प्राणिशास्त्रज्ञ जसा कातडीखालची हाडे तपासतो, तशी शब्दांचीही हाडे तपासावी लागतात. ती कशी, ते आता पाहू.

गोव्यातला एक इंग्रज

फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव तुम्ही मराठीच्या पुस्तकात कदाचित वाचले असेल. 'ख्रिस्तपुराण' हा ओवीबद्ध मराठी ग्रंथ लिहिणारे हे इंग्रज धर्मोपदेशक १५७९ साली गोव्यात आले. १५८३ साली त्यांनी आपल्या भावाला इंग्लंडला एक पत्र पाठवले. इकडच्या भाषांची ठेवण ग्रीक आणि लॅटिन भाषांसारखी आहे, असे त्यांनी त्यात नमूद केले. पण हे पत्र खाजगी. ते जगापुढे आले विसाव्या शतकात!

तोवर हाच विचार दुसऱ्याने गाजवून टाकला होता. सर विल्यम जोन्स हे कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश. त्यांनी तेथे संस्कृतचा अभ्यास केला आणि २ फेब्रुवारी १७८६ रोजी एशियाटिक सोसायटीपुढे केलेल्या भाषणात सांगितले, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातले साम्य इतके आहे, की या तिन्ही भाषा कोणत्या तरी एका मूळ भाषेपासून निघाल्या असल्या पाहिजेत. आणि ती मूळ भाषा बहुधा आज अस्तित्वात नसावी. या शेवटच्या वाक्याकडे नीट लक्ष द्या. इंग्रजी शब्द संस्कृतातून निघाले, असे जोन्सनी म्हटलेले नाही. आजही पुष्कळ लोक तसे म्हणतात, पण ते बरोबर नाही. संस्कृत ही या भाषांची आई नव्हे; ती त्यांची बहीण आहे. थोरली, आणि घरातल्या जुन्या वस्तू फार नीट जपून ठेवणारी बहीण.

जोन्सनी साम्य दाखवले, पण नियम दाखवला नाही. ते काम डेन्मार्कच्या रास्मुस रास्क याने १८१८ साली आणि जर्मनीच्या याकोब ग्रिमने १८२२ साली केले. (हा ग्रिम म्हणजे परीकथांच्या ग्रिम बंधूंपैकी थोरला. आणि रास्क तर १८२० साली थेट मुंबईला येऊन पारशी लोकांकडून अवेस्ता ग्रंथाची हस्तलिखिते घेऊन गेला.) नियम असा : संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांत शब्दाच्या आरंभी जेथे 'प' असतो, तेथे इंग्रजी आणि जर्मन यांच्या कुळात 'फ' येतो. पाद – फूट, पितृ – फादर, पूर्ण – फुल. जेथे 'त' असतो तेथे 'थ' येतो. त्रि – थ्री, तनु – थिन, तृष्णा – थर्स्ट. जेथे 'द' असतो तेथे 'ट' येतो. द्वि – टू, दश – टेन, दन्त – टूथ. आणि जेथे मुळात 'क' असतो तेथे 'ह' येतो. लॅटिनमध्ये शिंगाला 'कोर्नू' म्हणतात, इंग्रजीत 'हॉर्न'. लॅटिनमध्ये कुत्र्याला 'कॅनिस' म्हणतात, इंग्रजीत शिकारी कुत्र्याला 'हाउंड'.

एकदोन शब्दांत असे झाले असते, तर योगायोग म्हणून सोडून देता आले असते. पण हे शेकडो शब्दांत, एकाच पद्धतीने झाले आहे. म्हणजे हा नियम आहे. आता तो आपल्या 'व्हील'ला लावून पाहू.

उलट्या दिशेने प्रवास

सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत 'व्हील' असा शब्द नव्हता. तेव्हा म्हणत 'ह्वेओल'. आज या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये आधी डब्ल्यू आणि मग एच येतो. तेव्हा आधी एच लिहीत आणि मग डब्ल्यू. नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतरच्या काळात लेखनिकांनी हा क्रम उलटवला. बहुतेक ठिकाणी तो 'ह' आता बोलण्यातून गेलाच आहे, पण स्कॉटलंडमधले काही लोक अजूनही 'ह्वील' असा उच्चार करतात.

ग्रिमचा नियम उलटा फिरवला, की 'ह्व'च्या जागी येतो 'क्व'. हा 'क्व' म्हणजे क आणि व असे दोन आवाज नव्हेत. ओठांचा चंबू करून 'क' म्हणा. जो एकच आवाज निघेल तो. म्हणजे शब्दाचा आरंभ 'क्वे' असा होता. आणि पुढचे?

जुन्या हस्तलिखितांत याच शब्दाचे आणखी एक रूप सापडते : 'ह्वेओगोल'. मध्येच हा 'ग' कुठून आला? याचे उत्तर मिळण्यासाठी १८७०चे दशक उजाडावे लागले, आणि उत्तर मिळाले ते वेदांतून. ग्रिमच्या नियमाला बरेच अपवाद होते. उदाहरणार्थ, 'भ्राता' आणि 'पिता' या दोन्ही शब्दांत मध्ये 'त' आहे, तेव्हा जुन्या इंग्रजीत दोन्हीकडे 'थ' यायला हवा. भावाच्या शब्दात तो येतो : 'ब्रोथोर'. पण वडिलांच्या शब्दात येतो 'द' : 'फॅदेर'. (आजच्या 'फादर'मधला आवाज पुढे बदललेला आहे.) असे का? कार्ल व्हेर्नर या डॅनिश तरुणाच्या लक्षात आले, की वैदिक संस्कृतात 'भ्राता' या शब्दाचा आघात पहिल्या अक्षरावर आहे आणि 'पिता'चा शेवटच्या. आघात आधीच्या अक्षरावर नसला, की मधला आवाज मऊ पडतो. बस्स! अपवादांचा ढीगच्या ढीग एका फटक्यात नियमात बसला. वेदपाठ करणाऱ्यांनी हजारो वर्षे प्रत्येक शब्दाचा स्वर घोकून जपला नसता, तर इंग्रजी आणि जर्मन शब्दांचे हे कोडे सोडवणे किती कठीण झाले असते!

आता 'चक्र' पाहा. वेदात या शब्दाचा आघात शेवटच्या अक्षरावर आहे. म्हणून मधला 'क्व' मऊ पडून 'ग' झाला आणि 'ह्वेओगोल' हे रूप मिळाले. ज्यांच्या बोलण्यात आघात पुढे सरकला होता, त्यांच्याकडे मधल्या 'क्व'चा नेहमीप्रमाणे 'ह्व' झाला, तो पुढे गळाला आणि 'ह्वेओल' उरले. दोन्ही रूपांच्या मागे मूळ शब्द दिसतो तो असा : 'क्वेक्व्लोस'. हा शब्द कोणत्याही शिलालेखात किंवा पोथीत नाही. तो हिशेबाने काढलेला आहे, म्हणून भाषाशास्त्राच्या पुस्तकांत अशा शब्दाच्या आधी एक तारका छापतात.

'उंच' आणि 'उंची'

'व्हील'चा माग लागला. पण 'क्वेक्व्लोस'चे 'चक्र' कसे झाले? मुळात दोन्ही जागी एकच आवाज होता. मग संस्कृतात पहिल्या जागी 'च' आणि दुसऱ्या जागी 'क' असे का?

याचे उत्तर शोधायला पुस्तक नको. तुमचे तोंडच पुरेल. 'उंच' म्हणा. आता 'उंची' म्हणा. अक्षर एकच आहे, 'च'. पण 'उंच'मध्ये जिभेचे टोक दातांच्या मुळाशी टेकते आणि आवाज 'त्स'सारखा येतो. 'उंची'मध्ये जीभ पसरून टाळूला लागते आणि आवाज बदलतो. 'माझा' आणि 'माझी' म्हणून पाहा, तेच होईल. कारण 'ई' म्हणायची असली, की जीभ आधीच पुढे आणि वर सरकून बसते, आणि आधीच्या व्यंजनालाही टाळूकडे ओढते. 'ए'चेही तसेच. 'आ', 'ओ' हे स्वर अशी ओढाताण करत नाहीत.

नेमके हेच काही हजार वर्षांपूर्वी संस्कृतच्या पूर्वजांच्या तोंडात घडले. आधी 'क्व'मधली ओठांची गोलाई गेली आणि 'केक्लोस'सारखे काही तरी उरले. पहिल्या 'क'पुढे ऱ्हस्व 'ए' होता. त्याने 'क'ला टाळूकडे ओढले आणि त्याचा 'च' झाला. दुसऱ्या 'क'पुढे 'ल' होता. तो 'क' जागचा हलला नाही. 'ल'चा 'र' झाला. आणि सर्वांत शेवटी त्या ऱ्हस्व 'ए'चा 'अ' होऊन गेला. उरले 'चक्र'.

म्हणजे 'ए' निघून गेला, पण जाताना 'च'वर आपला ठसा ठेवून गेला. वाळूत वाघाचे पाऊल उमटलेले असावे आणि वाघ कुठेच दिसू नये, तसे! या शोधाने त्या काळी मोठी खळबळ उडवली. तोवर विद्वानांची समजूत अशी, की संस्कृत सर्वांत जुनी, तेव्हा तिचा 'अ' हाच मूळ स्वर असणार. ग्रीक आणि लॅटिन भाषांनी त्याचे 'ए' आणि 'ओ' असे तुकडे केले असणार. 'च'च्या पावलाने दाखवून दिले, की येथे ग्रीक आणि लॅटिन अधिक जुन्या आहेत. संस्कृतात 'पञ्च', लॅटिनमध्ये 'क्विंक्वे'. संस्कृतात 'आणि' या अर्थी 'च', लॅटिनमध्ये 'क्वे'. तिकडे 'ए', इकडे 'च'. १८७०च्या दशकात पाचसहा विद्वानांना हे जवळजवळ एकाच वेळी सुचले. आधी कोणाला सुचले, यावर पुढे बरीच भांडणे झाली, पण त्यात आपण शिरायला नको.

'चक्र'चा पुढचा प्रवास तुमच्या ओळखीचा आहे. जसे हस्त – हत्थ – हात, सप्त – सत्त – सात, तसे चक्र – चक्क – चाक. त्यातही एक गंमत राहिलीच. 'चक्र'मधला 'च' आपण 'चहा'तल्यासारखा उच्चारतो आणि 'चाक'मधला 'चूल'मधल्यासारखा. 'क'चा 'च' झाला, त्या 'च'चा 'त्स' झाला. जिभेचा तो प्रवास मराठीत आणखी एक पाऊल पुढे आला.

ताळा

गणिताचे उत्तर आले, की आपण ताळा करून पाहतो. या हिशेबी शब्दांचा ताळा कसा करायचा? हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाला विचारायला तर जाता येत नाही.

एकदा तशी संधी मात्र आली. ग्रीक भाषेत 'आणि' या अर्थी 'ते' असा शब्द आहे. हा 'ते', लॅटिनचा 'क्वे' आणि संस्कृतचा 'च' हे एकच, तेव्हा ग्रीकमध्येही फार पूर्वी ओठगोल 'क्व' असला पाहिजे, असे भाषाशास्त्रज्ञ सांगत होते. ग्रीक लिखाणात त्याचा मागमूस नव्हता. पुढे क्रीट बेटावर क्नॉसॉस येथे आणि ग्रीसमध्ये पिलॉस येथे मातीच्या भाजलेल्या पाट्या सापडल्या. त्यांवर एक अनोळखी लिपी होती. मायकेल व्हेन्ट्रिस हा इंग्रज वास्तुशिल्पी शाळेत असल्यापासून या लिपीच्या नादी लागला होता. १९५२ साली त्याने ती वाचली. पाट्यांतली भाषा ग्रीकच निघाली, पण होमरच्याही कित्येक शतके आधीची. आणि तिच्यात 'क्व'साठी अगदी वेगळी चिन्हे होती! 'आणि' हा शब्द त्या पाट्यांवर 'ते' असा नव्हे, तर 'क्वे' असा लिहिलेला आहे. कागदावर मांडलेला आवाज तीन हजारांहून अधिक वर्षे मातीत वाट पाहत पडला होता.

मूळ अर्थ काय?

'क्वेक्व्लोस'च्या आत एक धातू आहे : 'क्वेल'. अर्थ, फिरणे. संस्कृतात त्याचाच 'चर्' झाला. चराचरातला आणि गुरे चरतात त्यातलाही. ग्रीकमध्ये त्यापासून 'पोलोस' झाला, म्हणजे ज्याभोवती फिरायचे ते टोक. उत्तर ध्रुवाला इंग्रजीत 'पोल' म्हणतात तो हाच. लॅटिनमध्ये याच धातूचा अर्थ एखाद्या जागी वावरणे, तेथे राहणे, जमीन कसणे असा सरकत गेला, आणि त्यातून इंग्रजीतले 'कॉलनी' आणि 'कल्चर' हे शब्द आले.

हा धातू दोनदा म्हटला, की 'क्वे-क्व्ल'. फिरणारे, पुन्हा पुन्हा फिरणारे. आपणही भोवरा 'गरगर' फिरतो म्हणतो, भिंगरी 'भिरभिर' फिरते म्हणतो. ज्या कोणी पहिल्यांदा ही लाकडी चकती गडगडत जाताना पाहिली, त्याने तिला गरगऱ्या किंवा भिरभिऱ्या असेच नाव दिले म्हणायचे!

आणि ही चकती एकटी नाही. तिच्याबरोबर गाडीचे इतर भागही या भाषांत आढळतात. संस्कृतात 'अक्ष', लॅटिनमध्ये 'आक्सिस', इंग्रजीत 'ॲक्सल'. बैलगाडीच्या ज्या आसावर चाक फिरते तो. 'नाभि', आणि चाकाच्या तुंब्याला इंग्रजीत असलेला शब्द 'नेव्ह'. बैलांच्या मानेवर ठेवतात ते 'जू' संस्कृतातल्या 'युग'चे मराठी रूप. लॅटिनमध्ये ते 'युगुम', इंग्रजीत 'योक'. 'वाहन' आणि 'वॅगन' एकाच धातूचे. लॅटिनने चाकासाठी 'रोटा' हा वेगळाच शब्द घेतला, त्याचा भाऊ आपला 'रथ'. जू, आस, तुंबा, चाक. या शब्दांतून अख्खी गाडी जोडता येते.

यातूनच एक मोठा प्रश्न सुटण्याची वाट दिसते. ही मूळ भाषा केव्हा बोलली जात होती? जे लोक चाकाला नाव देतात, त्यांनी चाक पाहिलेले असणारच. आणि चाक केव्हापासून आहे, ते उत्खननांतून बऱ्यापैकी कळलेले आहे. पोलंडमध्ये ब्रोनोचित्से येथे मातीचे एक भांडे सापडले. त्यावर चारचाकी गाडीची आकृती कोरलेली आहे. ते सुमारे ५५०० वर्षांपूर्वीचे आहे. २००२ साली स्लोव्हेनियात ल्युब्ल्याना शहराजवळच्या दलदलीत एक खरेखुरे लाकडी चाक आसासकट मिळाले. चाक ॲश नावाच्या झाडाच्या लाकडाचे, आस ओकचा, व्यास सुमारे ७० सेंटिमीटर आणि वय सव्वापाच हजार वर्षांच्या आसपास. इतके जुने लाकूड टिकले ते दलदलीत हवा पोहोचली नाही म्हणून. तेव्हा 'क्वेक्व्लोस' म्हणणारे लोक सुमारे ६००० वर्षांपूर्वी पांगून गेलेले असणे अवघड दिसते. तेव्हा नाव द्यायला चाकच नव्हते.

यावर आक्षेप आहेत. १९८७ साली कॉलिन रेनफ्रू या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने मांडले, की या भाषा शेतीबरोबर पसरल्या, म्हणजे चाकाच्या कितीतरी आधी. मग चाकाचा शब्द? तो नंतर एकमेकांकडून उसना घेतला असेल, किंवा ज्याने त्याने स्वतंत्रपणे तयार केला असेल. मला स्वतःला हे फारसे पटत नाही. उसना शब्द लपत नाही. 'टेबल' मराठीत येऊन टेबलच राहिला. त्याला आपल्या जुन्या उच्चारबदलांचे वळसे पडलेले नाहीत. 'व्हील' आणि 'चक्र' यांना मात्र आपापल्या घराण्याचे सगळे वळसे पडले आहेत, म्हणजे ते आरंभापासून घरातच होते. आणि धातू दोनदा उच्चारून, त्यातला स्वर गाळून, अगदी तसाच शब्द भारतात, इराणात, ग्रीसमध्ये, इंग्लंडात आणि चीनच्या पश्चिमेच्या वाळवंटात वेगवेगळा तयार व्हावा, हे जरा अतिच झाले. होय, चीनच्या पश्चिमेला! तारीम नदीच्या खोऱ्यात सापडलेल्या पोथ्यांतली तोखारी ही भाषा याच कुळातली आहे, हे १९०८ साली ओळखले गेले. तिच्यात गाडीला 'कोकाले' म्हणतात.

एक पुरावा मात्र वेगळे बोलतो. तुर्कस्तानातली प्राचीन हित्ती भाषा याच कुळातली, तिच्यात 'युकन' म्हणजे जू आहे, पण चाकाचा शब्द निराळाच आहे. म्हणून बरेच विद्वान मानतात, की हित्तींची शाखा चाक येण्याआधीच वेगळी झाली असावी. २०१५ साली जुन्या सांगाड्यांतल्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशातून सुमारे ४५०० ते ५००० वर्षांपूर्वी पुष्कळ लोक मध्य युरोपात गेले, असे त्यात दिसले. चाकाच्या शब्दाने दाखवलेल्या काळाशी हे जुळते. अर्थात रक्त आणि भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणूस भाषा शिकतो. ती हाडामांसातून येत नाही.

राहिली सायकल

ग्रीक लोकांनी 'क्वेक्व्लोस'चे 'क्युक्लोस' केले. अर्थ, वर्तुळ किंवा चाक. लॅटिनने तो शब्द उचलला, लॅटिनमधून तो फ्रेंचमध्ये आणि फ्रेंचमधून इंग्रजीत आला. वाटेत पहिल्या 'क'चा 'स' झाला. कारण तेच : पुढचा स्वर जिभेला पुढे ओढणारा होता. आपल्या 'चाक'ला जे झाले तेच दूर तिकडे, निराळ्या लोकांच्या तोंडी झाले. पण दुसरा 'क' पाहा, जसाच्या तसा. ग्रिमच्या नियमाने त्याचा 'ह' व्हायला हवा होता. झाला नाही, कारण हा शब्द इंग्रजीच्या घरचा नाही. इंग्रजीने एकच शब्द दोनदा मिळवला : एकदा वारशाने आणि एकदा उसनवारीने.

आपणही तेच केले आहे. 'चक्र' इराणी भाषांत 'चख्र' होता, त्यातले वर्ण उलटसुलट होऊन फारसीत 'चर्ख' झाला. तो मुसलमानी अमदानीत इकडे आला. सूत काढायचा 'चरखा' आणि उसाचा रस काढायचा 'चरक' हे त्या 'चर्ख'चेच. म्हणजे मराठीत चाक आहे, चक्र आहे, चरखा आहे आणि इंग्रजांच्या मार्फत सायकल आणि व्हीलही आहेत. एका शब्दाची पाच रूपे एका भाषेत!

सहावे रूप कलकत्त्यात जन्मले. हेन्री पिडिंग्टन हे तेथे बंगालच्या उपसागरातल्या वादळांच्या नोंदी गोळा करत असत. वादळात वारा एका केंद्राभोवती गोल फिरतो, सापाच्या वेटोळ्यासारखा, हे दाखवणारा एक शब्द त्यांना हवा होता. १८४८ साली खलाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी ग्रीक भाषेतल्या 'क्युक्लोस'च्या घराण्यातून तो घडवला : 'सायक्लोन'. पुढे मराठीत त्याला प्रतिशब्द हवा झाला, तेव्हा आपल्या लोकांनी वारा गरगर फिरतो हेच पाहिले आणि नाव दिले 'चक्रीवादळ'.